साठी ओलांडलेलं कोयना धरण सुरक्षित आहे म्हणजे नेमकं काय?

कोयना परिसरात भूकंपाचा धक्का बसला की बातमी येते. धक्का किती रिश्टरचा होता, केंद्रबिंदू कुठे होता, पाटण-कराडपर्यंत जाणवला का, अशी सगळी माहिती त्यात असते. आणि शेवटी एक ठरलेली ओळ असते: ‘धरण सुरक्षित असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’

आपण ती ओळ वाचतो आणि पुढे जातो. काहींचा तिच्यावर विश्वास बसत नाही. मग भिंतीवरच्या ओघळाचा एखादा फोटो ‘बघा, धरणाला तडे गेले’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो.

पण धरण सुरक्षित आहे, हे ठरवतात कसं? कोण ठरवतं? आणि ज्या धरणाला १९६७ मध्ये खरोखरच भेगा पडल्या होत्या, ते आज साठी ओलांडल्यावरही कशाच्या भरवशावर उभं आहे? सविस्तर समजून घेऊया.

कोयना धरण आहे तरी केवढं?

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकच्या जवळ, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयनानगरला हे धरण आहे. १९५०च्या दशकात काम सुरू झालं, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडवायला सुरुवात झाली आणि १९६२ मध्ये पहिली वीज तयार झाली.

धरणाची उंची पायापासून सुमारे १०३ मीटर, म्हणजे साधारण तीस-पस्तीस मजली इमारतीएवढी. लांबी ८०० मीटरपेक्षा थोडी जास्त. मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्या हिशेबानं धरण पूर्ण भरलं की त्यात जवळपास तीन लाख कोटी लिटर पाणी असतं.

या धरणाची खरी गंमत मात्र त्याच्या वीजनिर्मितीत आहे. बहुतेक जलविद्युत प्रकल्पांत वीजगृह धरणाच्या पायथ्याशी असतं. कोयनेचं मुख्य पाणी धरणाच्या खाली सोडलंच जात नाही. ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे नेलं जातं आणि साडेचारशे मीटरपेक्षा जास्त उंचीवरून कोकणाच्या बाजूला खाली सोडलं जातं. पोफळीचं वीजगृह डोंगराच्या आत, जमिनीखाली आहे. पुढे अलोरे इथलं वीजगृह आणि सर्वांत मोठा चौथा टप्पा आहे. धरणाच्या पायथ्याशी ४० मेगावॅटचं छोटं वीजगृह आहे. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट होते.

चौथ्या टप्प्यासाठी जलाशय रिकामा न करता तळाशी स्फोट करून बोगदा पाण्याला जोडला गेला. यालाच ‘लेक टॅपिंग’ म्हणतात. १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ अशा दोन वेळा कोयनेत ते झालं.

संध्याकाळी विजेची मागणी एकदम वाढते, तेव्हा औष्णिक केंद्र लगेच वेग घेऊ शकत नाही. पाण्यावरचं जनित्र काही मिनिटांत सुरू होतं. म्हणून कोयनेची वीज राज्यासाठी महत्त्वाची आहे. थोडक्यात, धरण जुनं झालं म्हणून ते बाजूला ठेवता येईल, अशी परिस्थिती नाही. ते चालवायचं आहे आणि सांभाळायचंही आहे.

एवढं पाणी अडून राहतं कसं?

कोयना हे ‘गुरुत्व’ प्रकारचं धरण आहे. म्हणजे ते कमानीच्या किंवा खांबांच्या जोरावर नाही, तर स्वतःच्या वजनावर उभं आहे. ते बांधताना काँक्रीटमध्ये मोठाले दगड घातलेले आहेत. त्याला रबल काँक्रीट म्हणतात.

साधा हिशेब करून बघूया. धरणामागे ९० मीटर खोल पाणी असेल, तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर ९० टनांचा दाब येतो. वरपासून खालपर्यंतचा सगळा दाब धरला तर धरणाच्या प्रत्येक एक मीटर लांबीला पाणी सुमारे ४,००० टनांच्या जोरानं ढकलत असतं. आडव्या दिशेनं, चोवीस तास.

हा जोर अडवण्यासाठी सर्वांत उंच भागात धरण पायाशी सुमारे ७० मीटर रुंद आहे, आणि माथ्यावर जेमतेम १५ मीटर. तिथे एक मीटर लांबीच्या कापाचं वजन ढोबळमानानं पाण्याच्या जोराच्या दुप्पट भरतं. या वजनामुळे धरण सरकत नाही आणि उलटत नाही.

या हिशेबात पाण्याची आणखी एक चाल आहे. पायाखालच्या खडकातल्या बारीक फटींतून पाणी शिरतं आणि धरणाला खालून वर उचलायला बघतं. बादलीत बुडवलेला दगड हलका लागतो, तसंच काहीसं. हा ‘उचल दाब’ वाढला की धरणाचं कामाचं वजन कमी होतं. म्हणून धरणाच्या पोटात गॅलरी म्हणजे आडवे बोगदे ठेवलेले असतात. तिथे पायात खोलवर पाडलेल्या छिद्रांतून हे पाणी बाहेर काढलं जातं आणि मोजलं जातं.

म्हणजे काँक्रीटच्या धरणाच्या आत थोडं पाणी झिरपणं, भिंतीवर ओल किंवा पांढरे ओघळ दिसणं, ही आपोआप धोक्याची खूण होत नाही. जलाशयाची पातळी तेवढीच असताना पाझर अचानक वाढला, अचानक बंद झाला किंवा गढूळ यायला लागला, तर मात्र अभियंते लगेच सावध होतात. फोटोत ओल दिसते, पण ती कालपेक्षा वाढली की कमी झाली, हे फोटो सांगू शकत नाही.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट

धरणात पाणी साठायला लागल्यावर लवकरच परिसरात लहान-मोठे धक्के जाणवायला लागले. दख्खनचं पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीनं शांत समजलं जायचं. त्याच समजुतीवर धरणाचा आराखडा बेतलेला होता. भूकंपासाठी त्यात गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के एवढाच आडवा जोर धरला होता.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता ६.३ होती, काही नोंदींनुसार ६.५. कोयनानगर आणि आसपासच्या गावांतली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. पावणेदोनशेहून अधिक लोकांचा जीव गेला, दोन हजारांहून जास्त जखमी झाले. धक्का मुंबई-पुण्यातही जाणवला. कोयनेची वीज बंद पडली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या उद्योगांना फटका बसला.

धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं त्या धक्क्याची नोंद केली. नदीच्या प्रवाहाच्या दिशेनं हादऱ्याचा कमाल जोर गुरुत्वाकर्षणाच्या ४९ टक्के आणि धरणाच्या लांबीच्या दिशेनं ६३ टक्के नोंदवला गेला. आराखड्यात धरलेले ५ टक्के आणि क्षणभराचा कमाल हादरा यांची थेट तुलना होत नाही, कारण दोन्ही मोजण्याची पद्धत वेगळी. तरी तफावत किती मोठी होती, याचा अंदाज येतो.

त्या वेळी धरणात भरपूर पाणी होतं. तरीही धरण फुटलं नाही, पण भेगा मात्र पडल्या.

भेगा नेमक्या कुठे पडल्या?

काँक्रीटचं लांब धरण एकसंध ओतलेलं नसतं. ते शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या खंडांचं असतं. त्यांना मोनोलिथ म्हणतात. कोयनेच्या मधल्या भागात सांडवा आहे, म्हणजे जिथे सहा वक्री दरवाजे आहेत तो भाग. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खंडांवरून पाणी वाहत नाही. यातल्या उंच खंडांवर, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अंगांना आडव्या भेगा गेल्या.

भेगांची जागाही बोलकी होती. धरणाची मागची बाजू पायापासून उतरती होत वर येते आणि माथ्याच्या सुमारे ३६ मीटर खाली तिचा उतार एकदम बदलतो. वरचा भाग जवळजवळ उभा होतो. भूकंपात हा वरचा भाग चाबकाच्या टोकासारखा हलला आणि ताण तिथे, उतार बदलतो त्या जागी एकवटला. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताणाला ते कच्चं असतं. म्हणून भेगा तिथेच पडल्या.

या धरणाची नोंद आणि भेगांची जागा दोन्ही उपलब्ध असल्यामुळे कोयना जगभरातल्या अभियंत्यांसाठी अभ्यासाचं प्रकरण झालं. भूकंपात धरण कसं वागेल, हे सांगणारं एखादं सॉफ्टवेअर बरोबर आहे का, हे तपासायला आजही कोयनेचं उदाहरण सोडवून बघतात. सॉफ्टवेअरनं भेग त्याच जागी दाखवली तर गणित जमलं.

मग दुरुस्ती काय केली?

आधी भेगा इपॉक्सीनं भरण्यात आल्या आणि वरचा भाग पोलादी केबलनं ताणून खाली जखडण्यात आला. पण तात्पुरत्या मलमपट्टीवर हे धरण सोडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे बाजूच्या खंडांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू, म्हणजे बट्रेस देण्यात आले. हे काम १९७३ पर्यंत झालं. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण मात्र बऱ्याच उशिरा, २००६ पर्यंत झालं.

पायथ्याकडून कोयनेचा फोटो बघितला तर भिंतीला टेकलेले हे जाड टेकू दिसतात. अनेकांना ती मूळ रचनाच वाटते. प्रत्यक्षात त्या १९६७ च्या खुणा आहेत.

म्हणजे आज उभं असलेलं कोयना धरण हे १९६० च्या दशकात बांधलेलं जसंच्या तसं धरण नाही. अपघातातून वाचलेलं, शिकलेलं आणि नंतर दोनदा जाड केलेलं ते धरण आहे. ‘साठ वर्षं जुनं’ एवढंच म्हटलं तर ही अर्धी गोष्ट हरवते.

भूकंप धरणामुळेच होतात का?

हा प्रश्न कोयनेच्या बाबतीत हमखास विचारला जातो. जलाशयामुळे भूकंपांना चालना मिळते, याचं कोयना हे जगातल्या सर्वांत ठळक उदाहरणांपैकी एक मानलं जातं.

पण ‘चालना मिळते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जमिनीखालच्या खडकांत ताण आधीपासूनच साठलेला असतो. तो पाण्यानं तयार होत नाही. जलाशयाचं पाणी दोन गोष्टी करतं. एक, त्याचं प्रचंड वजन खडकावर पडतं. दोन, फटींतून खोलवर शिरलेलं पाणी खडकाच्या दोन बाजूंमधली पकड सैल करतं. आधीच निसटायच्या बेतात असलेली भेग त्यामुळे थोडी लवकर निसटते.

पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर धक्क्यांचं प्रमाण वाढतं, असं संशोधकांना दिसलं आहे. दक्षिणेला वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठायला लागलं आणि १९९३ च्या आसपास धक्क्यांचा पट्टा तिकडेही सरकला. आतापर्यंत या भागात ५ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के नोंदले गेले आहेत. १९६७ नंतर ६ तीव्रतेचा धक्का मात्र पुन्हा बसलेला नाही.

यातली आणखी एक गोष्ट म्हणजे इथले बहुतेक धक्के साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या एवढ्याशा भागातच होतात. जगात भूकंपाचा अभ्यास करायला अशी आटोपशीर जागा सहसा मिळत नाही. म्हणून केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कराडला खास संशोधन केंद्र उभारलं आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधन विवर खोदलं. भूकंप जिथे जन्मतो त्या खडकाजवळ जाऊन उपकरणं बसवायची, हा त्यामागचा विचार.

यातून उद्याचा भूकंप आज सांगता येईल का? नाही. भूकंपाची तारीख-वेळ सांगणारं शास्त्र जगात कुठेच नाही. त्यामुळे ‘येत्या ४८ तासांत कोयनेत मोठा भूकंप’ असा मेसेज आला, तर तो कुणाच्याही नावानं आलेला असो, खोटाच समजा.

धरण म्हातारं होतं म्हणजे काय होतं?

काँक्रीटला एक्सपायरी डेट नसते. नीट निगा राखली तर धरण शंभर वर्षंही काम करतं. नगर जिल्ह्यातलं भंडारदरा धरण १९२६ चं आहे. देशात शंभरी ओलांडलेली दोनशेहून अधिक मोठी धरणं आहेत. तरीही वय वाढतं तशा काही गोष्टी घडत जातात.

पाझरणारं पाणी काँक्रीटमधला चुना हळूहळू विरघळवून बाहेर आणतं. गॅलरीतले पांढरे थर त्याचेच असतात. हाच चुना पाणी काढून टाकणाऱ्या छिद्रांत साचला तर ती बुजतात आणि मघाशी सांगितलेला उचल दाब वाढतो. म्हणून ही छिद्रं ठरावीक काळानं साफ करावी लागतात.

दरवाजे, त्यांचे दोर, मोटारी, रबरी पट्ट्या हे सगळं भिंतीच्या कितीतरी आधी झिजतं. भिंत धडधाकट असली आणि ऐन पुरात दरवाजाच उघडला नाही, तर भिंत काय कामाची? कित्येक जुन्या धरणांत खरी डोकेदुखी काँक्रीटची नसून या लोखंडाची असते.

तिसरी गोष्ट गाळाची. डोंगरातून येणारी माती तळाशी साचते आणि वर्षागणिक साठवण कमी होते.

चौथी गोष्ट धरणात दिसत नाही, ती हिशेबाच्या वहीत असते. धरण बांधताना ‘जास्तीत जास्त एवढा पूर येईल’ असा अंदाज धरलेला असतो. तो त्या काळापर्यंतच्या पावसाच्या नोंदींवर. आज कमी वेळात जास्त पाऊस पडण्याच्या घटना वाढल्या आहेत. म्हणजे धरण तेच असतं, पण परीक्षेचा पेपर कठीण झालेला असतो. त्यातच धरणाखालच्या नदीकाठावर साठ वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वस्ती झालेली असते. धरणाची ताकद कमी झाली नाही तरी चूक झाल्यास होणारं नुकसान वाढलेलं असतं.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २०२१ मधल्या एका अहवालानुसार २०२५ पर्यंत भारतात एक हजाराहून अधिक मोठी धरणं पन्नाशीच्या आसपास पोहोचणार होती. देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे हा प्रश्न एकट्या कोयनेचा नाही.

जुनं म्हणजे धोकादायक आणि नवं म्हणजे सुरक्षित?

महाराष्ट्राचा अनुभव नेमका उलटा आहे. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, त्या पाण्यानं खडकवासला धरण फोडलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. पानशेत तेव्हा जुनं नव्हतं, उलट त्याचं काम पुरतं संपलंही नव्हतं आणि ते पहिल्यांदाच भरत होतं. धरणाच्या आयुष्यात पहिल्यांदा पाणी भरण्याचा काळ सर्वांत नाजूक समजतात, कारण बांधकामातली चूक तेव्हाच उघडी पडते.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसच्या आसपास लोकांचा बळी गेला. ते धरण जेमतेम दोन दशकांपूर्वीचं होतं. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचं विधान खूप गाजलं, पण गळती दिसत असताना वेळेत पक्की दुरुस्ती का झाली नाही, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

पानशेत आणि तिवरे, दोन्ही मातीची धरणं. मातीच्या धरणात पाण्यानं एकदा आतून वाट काढली की ते स्वतःबरोबर माती वाहून नेतं, वाट रुंदावते आणि काही तासांत धरण जातं. काँक्रीटचं धरण असं धुऊन जात नाही. त्यामुळे तिवऱ्याचा व्हिडिओ दाखवून ‘उद्या कोयनेचं असंच होईल’ म्हणणं चुकीचं आहे. मात्र तिवऱ्याचा धडा कोयनेलाही लागू होतो. धरण कधी बांधलं याइतकंच, दिसलेली खोट कुणी आणि किती दिवसांत दुरुस्त केली, हेही महत्त्वाचं असतं.

मग धरणावर लक्ष ठेवतं कोण?

कोयना धरणात आणि परिसरात मोजमापाची उपकरणं आहेत. पायातला पाण्याचा दाब, गॅलरीतला पाझर, भिंतीची हालचाल, काँक्रीटचं तापमान, भूकंपाचे हादरे अशा गोष्टी मोजल्या जातात. भूकंपाच्या नोंदींमध्ये नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, महत्त्वाचं काम करते. राज्याची धरण सुरक्षितता संघटनाही नाशिकलाच आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा धरणांची तपासणी होते. सापडलेल्या त्रुटींच्या तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत धरण फुटण्याइतपत गंभीर त्रुटी येते, दुसऱ्या श्रेणीत तातडीनं दुरुस्त करायची मोठी त्रुटी आणि तिसऱ्या श्रेणीत किरकोळ.

त्याशिवाय ३० डिसेंबर २०२१ पासून देशात धरण सुरक्षा कायदा लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं आणि काही अटींसह १० ते १५ मीटर उंचीची धरणं त्यात येतात. धरण ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची, हे कायद्यानं स्पष्ट केलं. वर्षातून दोन तपासण्या, ठरावीक काळानं स्वतंत्र तज्ज्ञांकडून सखोल मूल्यमापन आणि प्रत्येक धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक झाला. धरण फुटलं तर पाणी कुठपर्यंत जाईल, याचे नकाशेही या आराखड्याचा भाग असतात. निर्देश पाळले नाहीत तर एक वर्षापर्यंत आणि त्यामुळे जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पण कायद्यानं कागद तयार होतो. तो आराखडा नदीकाठच्या गावातल्या सरपंचाला, पोलीस पाटलाला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना माहीत आहे का, यावर त्याची किंमत ठरते. भोंगा वाजला तर कुठल्या रस्त्यानं, कुठल्या उंच जागेवर जायचं, हे गावात आधीच ठरलेलं असायला हवं.

धरण फुटणं वेगळं आणि पाणी सोडणं वेगळं

कराड-सांगलीच्या नदीकाठावर राहणाऱ्यांसाठी हा फरक सर्वांत कामाचा आहे. धरण फुटण्याची शक्यता फार कमी असते. धरणातून पाणी सोडलं जाणं मात्र जवळपास दर पावसाळ्यात घडतं.

कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. नवजा, महाबळेश्वर, कोयना ही पावसाच्या आकड्यांत रोज दिसणारी नावं याच भागातली. या सगळ्या क्षेत्रावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर धरणात तीन टीएमसीहून थोडं जास्त पाणी येतं. ३०० मिलिमीटर पडला तर नऊ टीएमसीच्या वर. धरण आधीच ९५ टक्के भरलेलं असेल, तर एवढं पाणी ठेवायला जागाच नसते.

अशा वेळी पाणी सोडायच्या वाटा ठरलेल्या आहेत. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी पाणी वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. पूर्वेला पायथा वीजगृहातून दोन्ही युनिट चालवून साधारण २,१०० क्युसेक पाणी जातं. त्यापेक्षा जास्त सोडायचं तर सहा वक्री दरवाजेच उघडावे लागतात.

बातमीतला क्युसेकचा आकडा कसा वाचायचा? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ११,५७४ क्युसेकनं पूर्ण दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. म्हणजे ५०,००० क्युसेक विसर्ग असेल तर साधारण साडेपाच तासांत एक टीएमसी पाणी नदीत जातं. पण सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी किती वाढेल, हे एकट्या कोयनेवर ठरत नाही. वारणेतून किती येतंय, कृष्णेच्या वरच्या भागात पाऊस किती आहे आणि धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी किती, हे सगळं त्यात मिसळतं.

इथे धरण चालवणाऱ्यांसमोर दरवर्षी एक पेच असतो. जुलैतच धरण भरू दिलं तर ऑगस्टच्या पुराला जागा उरत नाही. जास्त रिकामं ठेवलं आणि पाऊस दडी मारून बसला, तर उन्हाळ्यात सिंचनाला आणि विजेला पाणी कमी पडतं. म्हणून कुठल्या तारखेला किती साठा असावा, याचं वेळापत्रक ठरवलेलं असतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर या वेळापत्रकावर सांगली-कोल्हापुरात जोरदार चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी. नदीकाठच्या माणसाच्या दृष्टीनं धरणाची सुरक्षितता म्हणजे नुसती भिंत नव्हे. दरवाजा कधी उघडला आणि ते त्याला किती तास आधी कळलं, हाही त्याच सुरक्षिततेचा भाग आहे.

फॉरवर्ड करण्याआधी एवढं बघा

फोटो किंवा व्हिडिओ कुठल्या धरणाचा आणि कधीचा आहे, हे लिहिलंय का? कोयनेला सहा वक्री दरवाजे आणि मागे काँक्रीटचे टेकू आहेत. फोटोत नुसता मातीचा बांध दिसत असेल, तर ती कोयनेची मुख्य भिंत नव्हे.

‘गळती’ म्हटलंय, तर किती आणि नेहमीपेक्षा किती जास्त, असा आकडा दिलाय का? आकडा नसलेल्या गळतीच्या बातमीला फारसा अर्थ नसतो.

‘विसर्ग वाढवला’ म्हटलंय, तर वेळ दिली आहे का? सकाळचा मेसेज संध्याकाळी पुढे पाठवला तर त्यानं मदत होत नाही, गोंधळ होतो. जिल्हा प्रशासन आणि जलसंपदा विभागाची ताजी सूचना बघा.

आणि ‘धरण सुरक्षित आहे’ असं म्हटलं असेल, तर तेव्हाही प्रश्न विचारा. शेवटची तपासणी कधी झाली? काय त्रुटी सापडल्या? त्या दुरुस्त झाल्या का? आपल्या गावाचा आपत्कालीन आराखडा कुठे बघायला मिळेल? ग्रामसभेत हे विचारणं म्हणजे घबराट पसरवणं नव्हे.

कोयना १९६७ च्या पहाटे वाचली, कारण तिच्या वजनात थोडी शिल्लक ताकद होती. त्यानंतर ती उभी राहिली, कारण भेगा मान्य केल्या गेल्या, मोजल्या गेल्या आणि भरल्या गेल्या. ‘सुरक्षित’ हा शिक्का एकदा मारला की कायमचा राहत नाही. त्याला तारीख असते. म्हणून पुढच्या वेळी ती ठरलेली ओळ वाचाल, तेव्हा ती कुठल्या तारखेच्या तपासणीवर उभी आहे, एवढं जरूर बघा.